सहाशे पंचवीसची गोळी

खामगाव असो, चिखली असो की मेहकर, मेडिकलच्या काउंटरपाशी पाच मिनिटं उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर येतं : "भाऊ, ते सहाशे पंचीसवाली दे बरं चार." कोणाचा घसा बसलेला असतो, कोणाची दाढ ठणकत असते, कोणाला सोयाबीन सोंगताना पायाला विळा लागलेला असतो. आजार वेगवेगळे, गोळी तीच. औषधाचं नाव विचारलं तर सांगता येत नाही, आकडा मात्र तोंडपाठ.

याच माणसाला उद्या डॉक्टरांनी सांगितलं की मुलाला पेनिसिलिनचं इंजेक्शन लागेल, तर तो दोन पावलं मागं सरकतो. "पेनिसिलिन? नको बाप्पा, त्यानं माणूस दगावते म्हणतात." काउंटरवरून मागून घेतलेली गोळी आणि नाकारलेलं इंजेक्शन एकाच घराण्यातलं आहे, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. या औषधाला आपण एकीकडे फार हलकं घेतो आणि दुसरीकडे त्याला फार भितो. माझ्या मते बुलडाणा जिल्ह्यात काय किंवा साऱ्या वऱ्हाडात काय, या औषधाने होणारं बरंचसं नुकसान या दोन टोकांवरच होतं.

आधी त्या आकड्याचा उलगडा करू. ६२५ मध्ये ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन असतं आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड. जंतू मारण्याचं काम पहिल्याचं. काही जंतू पेनिसिलिन निकामी करणारा एक पदार्थ तयार करतात, त्याला अडवायचं काम दुसऱ्याचं. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लॉक्सासिलिन, पिपेरासिलिन ही सगळी पेनिसिलिनचीच भावंडं, नावं 'सिलिन'वर संपणारी. डॉक्सिसायक्लिन किंवा टेट्रासायक्लिन ऐकायला जवळची वाटली तरी ती वेगळ्या घराण्यातली. अडचण अशी, की स्ट्रिपवर मोठ्या अक्षरांत कंपनीचं नाव असतं आणि आतल्या औषधाचं बारीक अक्षरांत. ते बारीक अक्षर वाचायची सवय घरातल्या शिकत्या पोराला लावा. त्याच्या इंग्रजीचा याहून चांगला उपयोग दुसरा नाही.

स्ट्रिपवर एक उभी लाल रेघही दिसेल. २०१६ मध्ये केंद्र सरकारने तिच्याबद्दल मोहीम काढली होती. ही रेघ असलेलं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही आणि घ्यायचं नाही, एवढा तिचा अर्थ. अमॉक्सिसिलिन कायद्याने शेड्यूल एचमध्ये येतं, म्हणजे काउंटरवरून चार गोळ्या तोडून मागणं मुळातच नियमात बसत नाही.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये पेनिसिलिन सापडलं. १९४५ मध्ये नोबेल स्वीकारताना केलेल्या भाषणात त्यांनी एक कल्पित गोष्ट सांगितली होती. एका माणसाचा घसा दुखतो, तो दुकानातून पेनिसिलिन आणतो आणि अपुरंच घेतो. जंतू मरत नाहीत, औषधाला तोंड द्यायला मात्र शिकतात. तेच जंतू त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो आणि औषध चालत नाही. तेव्हा भारतात पेनिसिलिन बाहेरूनच येत होतं. पिंपरीचा हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभा राहिला तो पुढे, १९५४ नंतर. दुकानात सहज मिळू लागल्यावर काय होईल, हे औषध शोधणाऱ्यालाच आधी दिसलं होतं.

कशाला लागते, कशाला नाही

पेनिसिलिन जंतूंच्या पेशीची भिंत नीट बांधू देत नाही, म्हणून जंतू फुटून मरतात. विषाणूंना अशी भिंतच नसते. त्यामुळे सर्दी, फ्लू, डेंग्यू, गोवर यांत ही गोळी काही करत नाही. पावसाळ्यात घरोघरी जो ताप-खोकला फिरतो तो बहुतेक वेळा विषाणूंचाच. गोळी घेतल्यावर तिसऱ्या दिवशी बरं वाटतं, पण ते न घेताही वाटलं असतं. हाच योगायोग ६२५ला प्रसिद्ध करून बसला आहे.

घसा दुखतोय, सोबत नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसला आहे, तर विषाणूची शक्यता जास्त. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, पॅरासिटामॉल, आराम एवढं पुरतं. खोकला अजिबात नाही, पण चांगला ताप आहे, गिळताना जीव जातोय, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत, मानेतल्या गाठी सुजून दुखतायत, आणि पेशंट शाळेच्या वयाचा आहे, तर डॉक्टरांना दाखवा. हा स्ट्रेप्टोकॉकस जंतूचा घसा असू शकतो आणि त्याला पेनिसिलिन लागतंच. इतकी वर्षं झाली तरी घशाचा हा जंतू पेनिसिलिनला दाद न देण्याइतका शिरजोर झालेला नाही. म्हणून त्याला साधं अमॉक्सिसिलिन पुरतं, ६२५ची जोडगोळी लागत नाही. महाग तेच जोरदार, हा हिशेब इथे चुकतो.

दाढ ठणकत असेल तर दाढेचं काम करून घ्यावं लागतं. कीड आत नसेपर्यंत पोचली असेल तर गोळीने ती साफ होत नाही. चेहरा सुजला, ताप आला, तोंड उघडेना, तर दंतवैद्य अँटिबायोटिक देतील, तेही दाढेच्या इलाजासोबत. गळवाचंही तेच. पू भरला असेल तर तो काढावाच लागतो. आणि गळू करणारे जंतू बहुतेक वेळा साध्या अमॉक्सिसिलिनला निकामी करणाऱ्यांपैकी असतात, त्यामुळे शेजाऱ्याने दिलेली कॅप्सूल तिथे वाया जाते. साखरेचा आजार असलेल्याच्या पायाला जखम झाली, मग ती शेतात झालेली असो की शेगावहून पंढरपूरला पायी जाताना, तर एक दिवसही घरगुती प्रयोगात घालवू नका. दिंडीसोबत वैद्यकीय पथकं असतात, त्यांना पाय दाखवा.

डॉक्टरांकडे गेल्यावर आपणही थोडं शहाणपण दाखवायला हवं. पेशंटला दोन दिवसांत आराम पडला नाही तर तो दुसऱ्या दवाखान्यात जातो, ही भीती डॉक्टरांच्या मनात असते आणि तिच्यापोटी कागदावर अँटिबायोटिक उतरतं. "हा ताप जंतूंचा आहे की व्हायरल? गोळीची गरज नसेल तर देऊ नका, आराम नाही पडला तर मी परवा परत येतो," एवढं बोललात तर अर्धं काम होतं. आणि आल्या आल्या "सलाईन लावा, चांगलं पॉवरफुल द्या" म्हणणाऱ्याला पॉवरफुलच मिळतं.

रिॲक्शन म्हणजे नक्की काय

आता भीतीकडे येऊ. ही भीती खोटी नाही, पण तिचा आकार लोकांनी ओळखलेला नाही.

पेनिसिलिनची खरी, जिवावर बेतणारी रिॲक्शन औषध घेतल्यावर बहुधा काही मिनिटांत, फार तर तासाभरात येते. अंगभर खाज सुटते, पित्त उठल्यासारख्या गांधी येतात, ओठ, पापण्या, जीभ सुजते, घसा आवळल्यासारखा होतो, श्वास घेताना शिट्टी वाजते, उलटी होते, डोळ्यांपुढे अंधारी येते. इंजेक्शनने ती येते तशीच गोळीनेही येऊ शकते, मात्र अशी तीव्र रिॲक्शन दहा हजार पेशंटांमागे जेमतेम एक ते पाच जणांना येते. आली तर वेळ दवडायचा नाही. १०८ला फोन करा. माणसाला आडवं झोपवा, पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर टेकून बसवा. त्याला उभं करून चालवत गाडीपर्यंत नेऊ नका, रक्तदाब कोसळलेला असताना उभं केल्याने माणसं गेली आहेत. यावर औषध एकच : ॲड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. पित्ताची गोळी किंवा स्टेरॉइडचं इंजेक्शन त्याची जागा घेऊ शकत नाही. म्हणून पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायचं ते ॲड्रेनालिन हाताशी असलेल्या ठिकाणीच, आणि घेतल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं. बस सुटेल म्हणून उठायचं नाही. घरी येऊन किंवा एखाद्या खोलीत बसून सुई टोचणाऱ्या बोगस डॉक्टराकडे ही तयारी नसते, त्याच्या हातून हे इंजेक्शन घेऊच नये. आणि रिॲक्शन एकदा ओसरली तरी काही तासांनी उलटू शकते, म्हणून लगेच घरी जायची घाई नको.

या खऱ्या रिॲक्शनच्या नावाखाली इतर बरंच काही जमा झालेलं असतं. गोळीने मळमळलं, पोट बिघडलं, इंजेक्शनच्या जागी दुखलं, सुईच्या भीतीने चक्कर आली : यांतलं काहीही ॲलर्जी नव्हे. लहान मुलांना अमॉक्सिसिलिन चालू असताना पाचव्या-सहाव्या दिवशी सपाट लालसर पुरळ येतं, ते पुष्कळदा मूळच्या विषाणूचं असतं. तरीही ते डॉक्टरांना दाखवायचंच. त्वचेवर फोड आले, कातडी सोलली, तोंडात किंवा डोळ्यांत व्रण आले, तर औषध बंद करून त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायचं.

पाश्चात्त्य देशांत ज्यांच्या कागदावर 'पेनिसिलिनची ॲलर्जी' असा शिक्का आहे अशांची नीट तपासणी केली, तेव्हा दहातल्या नऊ जणांना ते औषध बिनधोक चाललं. खरी ॲलर्जी असलेल्यांतही ती दहा वर्षांत बहुतेकांची ओसरते. याचा अर्थ आपणच घरी गोळी खाऊन बघायची असा मुळीच नाही. आपल्याला काय झालं होतं ते नीट सांगता यायला हवं, असा आहे. लहानपणी झालं असेल तर आईला विचारा : कोणतं औषध होतं, घेतल्यावर किती वेळाने झालं, अंगावर काय उठलं, श्वासाचा त्रास होता का, दवाखान्यात ठेवावं लागलं का. या चार-पाच उत्तरांवर डॉक्टर ठरवतात की पेनिसिलिन कायमचं वर्ज्य, की तपासून देता येईल. खरी ॲलर्जी ठरलीच तर औषधाचं नाव आणि काय झालं होतं ते कागदावर लिहून आधार कार्डासोबत ठेवा, दर वेळी दाखवा, मेडिकलवाल्यालाही. सेफॅलेक्सिनसारखी, 'सेफ'ने सुरू होणाऱ्या नावांची औषधं याच कुळाच्या जवळची आहेत, तीही डॉक्टरांना विचारूनच घ्यायची.

कातडीखाली थोडंसं औषध टोचून बघतात, त्याला आपण टेस्ट म्हणतो. ती केली म्हणजे पुढची काळजी संपली असं नाही. टेस्ट चांगली निघाल्यावरही अर्धा तास थांबायचंच.

ज्या मुलाला इंजेक्शन लागतंच

या भीतीची सर्वांत मोठी किंमत मोजतात ती ऱ्हुमॅटिक हृदयविकाराची मुलं. स्ट्रेप्टोकॉकसच्या घशाकडे दुर्लक्ष झालं की काही मुलांना, बहुधा पाच ते पंधरा या वयात, दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो आणि सांधे सुजतात. आज गुडघा, परवा घोटा, नंतर मनगट, असा त्रास फिरत राहतो. सांधे पुढे बरे होतात, पण हृदयाच्या झडपांना इजा राहून जाऊ शकते. पुन्हा घसा आला, पुन्हा ताप आला, की झडपा आणखी खराब होतात. हे थांबवायला बेंझाथीन पेनिसिलिनचं इंजेक्शन दर एकवीस दिवसांनी देतात. मोठ्यांना १२ लाख युनिट, कमी वजनाच्या मुलाला निम्मं. झडपा शाबूत असतील तर निदान पाच वर्षं किंवा अठरा वर्षांचा होईपर्यंत, यांतलं जे जास्त ते. झडपांना इजा असेल तर पंचविशीपर्यंत, कधी जन्मभर. किती काळ ते हृदयरोगतज्ज्ञ ठरवतात. घरच्यांनी ठरवायचं नाही.

सुरुवातीला चार-सहा इंजेक्शनं होतात. मग कोणीतरी म्हणतं, "पोरगं आता हिंडते-फिरते, कशाले टोचता?" किंवा गावातला दवाखाना म्हणतो, पेनिसिलिन आम्ही देत नाही. आणि एकवीस दिवसांचे दोन महिने होतात. मला यात सर्वांत जास्त राग कशाचा येत असेल तर तो या दुसऱ्या उत्तराचा. घेणाऱ्याने घाबरणं समजू शकतं, पण देणाऱ्याने ॲड्रेनालिन भरून ठेवायचं सोडून इंजेक्शनच बंद करणं मला समजत नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, खामगावच्या किंवा बुलडाण्याच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करा, चिठ्ठी आणि मागच्या तारखांचा कागद सोबत न्या. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आणि अंगणवाडीत येतं तेव्हा मुलाचा हा इतिहास त्यांना मुद्दाम सांगा. ऱ्हुमॅटिक हृदयविकार त्यांच्या तपासणीच्या यादीत आहे.

इंजेक्शनच्या दिवशी मुलाने उपाशी जायचं नाही. खाऊन, भरपूर पाणी पिऊन जायचं, झोपूनच इंजेक्शन घ्यायचं आणि नंतर थोडा वेळ आडवं राहायचं. यामागे कारण आहे. ज्यांच्या झडपा फार खराब आहेत आणि हृदय थकलेलं आहे अशा काही रुग्णांचे इंजेक्शननंतर मृत्यू झाले, ते सगळे ॲलर्जीचे मानले गेले होते. अलीकडे तज्ज्ञांचं मत असं, की त्यांतले बरेच दुखण्याने आणि घाबरल्याने रक्तदाब एकदम खाली गेल्यामुळे झाले असावेत. म्हणून पायांवर सूज आणि झोपल्यावर दम असलेल्या पेशंटसाठी तज्ज्ञ सुईऐवजी रोजच्या गोळ्या निवडू शकतात. झडप बदललेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवायचं : रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोम चालू असताना अमॉक्सिसिलिन सुरू झालं, तर आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याची, तपासणी लवकर करावी लागते.

खारपाणपट्ट्यातल्या घरांसाठी

जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव या पूर्णाकाठच्या भागात खाऱ्या पाण्याचं आणि किडनीच्या दुखण्याचं बोलणं गावोगाव चालतं. पेनिसिलिनच्या बाबतीत याला थेट महत्त्व आहे. अमॉक्सिसिलिन शरीरातून मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडतं. किडनी मंद असेल तर ते आत साचत जातं, आणि फार साचलं तर झटकेसुद्धा येऊ शकतात. म्हणून किडनीच्या पेशंटला तीच गोळी द्यायची असली तरी डॉक्टर दोन डोसांतलं अंतर वाढवतात किंवा डोस कमी करतात, डायलिसिसवाल्याला डायलिसिस झाल्यावर देतात. शेवटचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट खिशात ठेवा आणि न विचारताच दाखवा. घाईच्या ओपीडीत तो विचारला जाईलच असं नाही.

याहून मोठा धोका पुडीत असतो. काही ठिकाणी कागदात गुंडाळून तीन-चार मोकळ्या गोळ्या देतात, सकाळ-संध्याकाळ घ्या म्हणतात. त्यात एक अँटिबायोटिक, एक दुखण्याची, एक ॲसिडिटीची, कधी एक स्टेरॉइडची. किडनी आधीच कमकुवत असलेल्याला डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची गोळी अमॉक्सिसिलिनपेक्षा कितीतरी लवकर खड्ड्यात घालते. आणि रिॲक्शन आलीच तर कशाने आली हे शोधणार कसं? नाव नसलेली गोळी घेऊ नका. तोडून दिली तरी नाव, मुदत आणि बॅच नंबर असलेला तुकडा मागा, पक्कं बिल मागा. १ ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपाच्या ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड किंवा बारकोड बंधनकारक आहे. मोबाइलने तो उघडला की कंपनी, बॅच, मुदत दिसते.

लेकराचं औषध

लहान मुलांचं अमॉक्सिसिलिन पावडरच्या बाटलीत येतं. आधी बाटली हलवून पावडर मोकळी करायची. उकळून गार केलेलं पाणी, किंवा सोबत दिलेलं असेल तर तेच, खुणेच्या थोडं खाली येईल इतकं घालून जोरात हलवायचं. फेस बसला की खुणेपर्यंत भरायचं. पाणी जास्त झालं तर प्रत्येक डोस कमजोर होतो. तयार औषध सात दिवसांपुढे ठेवायचं नाही. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड असलेलं असेल तर ते फ्रिजमध्येच टिकतं, आणि मे महिन्यात खामगाव-मलकापूरकडे पारा चव्वेचाळीसला टेकतो तेव्हा कपाटातल्या बाटलीचं काय होत असेल ते सांगायला नको. घरात फ्रिज नसेल किंवा लाइट सारखी जात असेल तर डॉक्टरांना तसं सांगा आणि पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या मागा. चमचाभर पाण्यात गोळी विरते, लेकरू ती पिऊन टाकतं. जागतिक आरोग्य संघटना लहान मुलांच्या न्यूमोनियासाठी याच २५० मिलिग्रॅमच्या विरघळणाऱ्या गोळ्या सुचवते.

डोस मुलाच्या वजनावर ठरतो. मोठ्या भावाची उरलेली बाटली धाकट्याला नाही. बाटलीवर ५ मिलिलिटरमध्ये १२५ आहे की २५०, की २२८.५ आहे की ४५७, हे वाचूनच डोस मोजायचा, आणि सोबतच्या मापाने. स्वयंपाकघरातले चमचे प्रत्येक घरी वेगळे असतात.

खोकला-ताप असलेलं मूल शांत असताना त्याचे एक मिनिटाचे श्वास मोजायला शिका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची आणि लगेच आशाताईंना गाठायचं किंवा दवाखान्यात जायचं. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, मूल दूध पीत नसेल, सुस्त पडलं असेल, तर मोजतही बसू नका, १०८ला फोन करा. न्यूमोनियासाठी २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'सांस' मोहिमेत गावपातळीवरच अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस देऊन मुलाला पुढे पाठवण्याची सोय केलेली आहे. इथे या औषधाला नाही म्हणणं महागात पडतं.

घेताना

दिवसातून तीनदा म्हणजे आठ तासांच्या अंतराने, दोनदा म्हणजे बारा. ६२५ जेवणाच्या पहिल्या घासासोबत घेतली तर पोटाला कमी त्रास होतो. साधं अमॉक्सिसिलिन कधीही चालतं, क्लॉक्सासिलिन रिकाम्या पोटी. दूध, दही, ताक चालतं. एखादा डोस राहिला तर आठवल्यावर घ्या, पुढची वेळ आली असेल तर सोडून द्या, दोन एकदम घेऊ नका. दारूशी या गोळीचं थेट वैर नाही, पण बैठकीच्या दिवशी "आज नको, उद्यापासून घेतो" म्हणून गोळ्या राहतात, तिथे नुकसान होतं.

जुलाब होतात, विशेषतः ६२५ने. ओआरएस घ्या. रक्त पडलं किंवा फार पातळ होऊ लागलं तर डॉक्टरांना कळवा. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, तर ही कावीळ क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडने झालेली असू शकते. ती उतारवयातल्या पुरुषांत जास्त दिसते आणि गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांनीही येते. म्हणून काविळीचं झाडपाल्याचं औषध शोधायच्या आधी मागच्या महिन्यातल्या गोळ्यांची आठवण डॉक्टरांना सांगा. संधिवातासाठी किंवा सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट, किंवा युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल चालू असेल तर तेही आधीच सांगायचं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना पेनिसिलिन गटातली औषधं बहुतेक वेळा निर्धोक मानली जातात, चिठ्ठी मात्र हवीच.

कोर्स किती दिवसांचा? आजारावर अवलंबून. स्ट्रेप्टोकॉकसच्या घशाला दहा दिवस, आणि तिसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी दहा. तिथे प्रश्न घशापेक्षा हृदयाचा असतो. न्यूमोनियाच्या मुलाला साधारण पाच. अलीकडे अनेक आजारांत पूर्वीपेक्षा कमी दिवस पुरतात असं दिसून आलं आहे, त्यामुळे डॉक्टरांनी पाचच दिवस दिले तर "एवढंच?" म्हणून स्वतःच वाढवू नका. तीन दिवसांत काहीच फरक नसेल तर त्याच गोळ्या पुढे रेटण्यापेक्षा परत जा, निदान किंवा औषध बदलावं लागेल. गोळ्या उरल्याच तर त्या पुढच्या तापासाठी डब्यात ठेवू नका.

गोठ्यातलं पेनिसिलिन

हे घराबाहेरचं वाटेल, पण दुधाच्या वाटेने घरातच येतं. गाईला किंवा म्हशीला दगडी झाली, कास सुजली, की जनावरांचे डॉक्टर पेनिसिलिन गटातलं इंजेक्शन देतात किंवा सडात ट्यूब सोडतात. ते औषध दुधात उतरतं आणि उकळूनही पूर्ण जात नाही. अशा दुधाला विरजण लावलं तर दही लागत नाही, कारण विरजणातले जंतूही त्याने मरतात. गावात हा अनुभव अनेक बायांना आहे, दोष मात्र विरजणाला किंवा थंडीला दिला जातो. खऱ्या ॲलर्जीच्या माणसाला असं दूध बाधू शकतं, आणि बाकीच्यांच्या पोटात थोडं थोडं औषध जात राहतं, जे जंतूंना शिकवायला पुरेसं असतं. डेअरीत इतरांच्या दुधात ते मिसळलं तर सगळ्यांचंच खराब. इलाज झाल्यावर डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा : दूध किती दिवस विकायचं नाही, आणि हे दिवस शेवटच्या इंजेक्शनपासून मोजायचे ना? पहिल्यापासून मोजण्याची चूक बरेच जण करतात. ट्यूबच्या आणि बाटलीच्या लेबलवर हा काळ छापलेला असतो. तेवढे दिवस त्या जनावराचं दूध वेगळं काढून फेकायचं, वासरालाही पाजायचं नाही, आणि मोकळी तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवायची, म्हणजे धार काढणारा दुसरा कोणी असला तरी त्याला कळेल.